लंडनची स्टेशनं जागची हलवणारा ड्राफ्ट्समन: हॅरी बेक

मेट्रोच्या दारावरचा नकाशा बघता ना? रेषा पट्टीने आखलेल्या, स्टेशनं सारख्या अंतरावर. खरे रूळ असे कुठे धावतात! ही पद्धत जगभर गेली ती हॅरी बेकमुळे.

बेकचा जन्म 1902 मध्ये लेटनचा. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या सिग्नल ऑफिसात तो ड्राफ्ट्समन होता. तेव्हाचे नकाशे बरेचसे भूगोलाला धरून असायचे. त्यामुळे शहराच्या मध्यभागी स्टेशनांच्या नावांची नुसती दाटी, आणि उपनगरांकडे कागद रिकामा.

1931 मध्ये बेकने फावल्या वेळात वहीच्या पानावर वेगळाच आराखडा काढला. जमिनीखालच्या प्रवाशाला वरच्या रस्त्यांशी काय देणंघेणं? कुठे चढायचं, कुठे गाडी बदलायची, कुठे उतरायचं, एवढं कळलं की झालं. म्हणून रेषा फक्त आडव्या, उभ्या किंवा 45 अंशात तिरक्या. मध्यभाग मोठा केला, बाहेरची अंतरं आखडली. जमिनीवरची एकच खूण ठेवली, थेम्स नदी. लेस्टर स्क्वेअर ते कोव्हेंट गार्डन हे अंतर जेमतेम 260 मीटर, पण नकाशावर ते कळतच नाही!

प्रसिद्धी विभागाने आधी नकार दिला. 1932 मध्ये 500 प्रती वाटून चाचणी झाली आणि जानेवारी 1933 मध्ये 7 लाख प्रती छापल्या. महिन्याभरात पुन्हा छपाई करावी लागली.

पायथनमध्ये नेटवर्क ग्राफ काढणाऱ्यांना हा पेच ओळखीचा वाटेल. कोणता नोड कोणाला जोडलाय हे पक्कं असतं, तो कागदावर कुठे बसवायचा हे मात्र आपल्या हातात. नेटवर्कएक्सचा स्प्रिंग लेआउट सगळे नोड एकमेकांपासून ढकलतो आणि जोडलेले जवळ ओढतो. सुरुवात रँडम असल्याने दर वेळी चित्र वेगळं. सीड दिलं की चित्र तेच येतं, पण जागा अजूनही कॉम्प्युटरच ठरवतो. बेकसारखं करायचं तर प्रत्येक नोडचे एक्स आणि वाय एका डिक्शनरीत लिहून ती 'पॉस' म्हणून द्यायची. किंवा मोठी जंक्शनं तेवढी 'फिक्स्ड' करायची आणि बाकीची स्प्रिंगवर सोडायची.

बेककडे कसला लेआउट! नवीन मार्ग आला की आसपासची स्टेशनं हाताने सरकवायची. हे काम त्याने जवळपास तीस वर्षं केलं.

1960 मध्ये त्याला न सांगताच प्रसिद्धी अधिकारी हॅरल्ड हचिसन यांचा नकाशा छापला गेला. बेकचं नाव गायब. माझ्या मते हा सरळ अन्याय होता. नवा नकाशा लोकांना रुचला नाही. 1964 मध्ये पॉल गारबट यांचा नकाशा आला, तो बराचसा बेकच्याच वळणाचा. बेक मात्र स्वतःचे आराखडे पाठवत राहिला, ते कधी स्वीकारले गेले नाहीत.

1974 मध्ये तो गेला. मूळ कल्पना 1931 मध्ये हॅरी बेकची, अशी ओळ लंडनच्या नकाशावर आली ती त्यानंतर कित्येक वर्षांनी.