पेटन राऊस

एका आजारी कोंबडीमुळे एका शास्त्रज्ञाचे नाव जगभर पोहोचले, असे सांगितले तर तुम्हांला नवल वाटेल. पण ही हकीकत खरी आहे. त्या शास्त्रज्ञाचे नाव पेटन राऊस.

त्यांचा जन्म ५ ऑक्टोबर १८७९ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी झाला. ते अकरा वर्षांचे असताना वडील वारले. आईने तीन मुलांना कष्टाने शिकवले. वैद्यकीय शिक्षण घेत असताना शवविच्छेदन करताना क्षयरोग्याचे हाड राऊस यांच्या बोटाला लागले आणि त्यांनाच क्षयाची लागण झाली. शिक्षण थांबले. वर्षभर टेक्सासमध्ये गुरे राखून ते बरे झाले, परतले आणि डॉक्टर झाले.

१९०९ साली ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत कर्करोगाचा अभ्यास करू लागले. तेथे छातीवर गाठ आलेली एक कोंबडी त्यांच्याकडे आणण्यात आली. राऊस यांनी ती गाठ काढून वाटली आणि तिचा रस अतिशय बारीक गाळणीतून गाळला. या गाळणीतून पेशी किंवा जीवाणू पलीकडे जाऊ शकत नव्हते. तरीही तो रस निरोगी कोंबड्यांना टोचताच त्यांना तशाच गाठी आल्या! म्हणजे रोगाचे कारण जीवाणूपेक्षाही लहान होते. ते होते विषाणू.

१९११ साली राऊस यांनी हे प्रसिद्ध केले. पण विश्वास कोण ठेवणार? कर्करोग संसर्गाने होत नाही, अशी तेव्हा बहुतेकांची पक्की समजूत होती. उंदरांवर तसा प्रयोग साधेना. शेवटी राऊस यांनी तो विषय सोडला. मात्र ते स्वस्थ बसले नाहीत. रक्त काही आठवडे टिकवणारे द्रावण त्यांनी सहकाऱ्यांबरोबर तयार केले. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, जखमी सैनिकांसाठी त्याचा उपयोग झाला. आजच्या रक्तपेढ्यांची सुरुवात येथूनच झाली, असे म्हणायला हरकत नाही.

आता त्या विषाणूची गंमत ऐका. १९६२-६३ मध्ये हॅरी रुबिन, पीटर व्होग्ट आणि हिदेसाबुरो हानाफुसा या संशोधकांना दिसले, की राऊस विषाणूचा ब्रायन नावाचा वाण अपुरा आहे. तो पेशीत शिरला की पेशी कर्करोगी होते. पण तिच्यातून बाहेर पडणारे कण दुसऱ्या पेशीत शिरू शकत नाहीत. का बरे? विषाणूच्या बाहेरच्या आवरणावर काही प्रथिने असतात. त्यांच्याच आधारे तो पेशीला चिकटतो व आत जातो. ती प्रथिने बनवणारे जनुकच या वाणात उरलेले नाही. किल्ली हरवलेला माणूस दाराबाहेर उभा राहावा, तशी ही स्थिती!

मग तो पसरतो कसा? कोंबड्यांत आढळणारा दुसरा एक विषाणू त्याच पेशीत शिरला, की तो आवरणाची प्रथिने तयार करतो. राऊस विषाणू तेच आवरण पांघरून बाहेर पडतो. अशा दुसऱ्या विषाणूला मदतनीस विषाणू म्हणतात. राऊस विषाणूच्या सगळ्याच वाणांना अशी मदत लागते असे नाही, हेही ध्यानात ठेवा. काही वाण स्वतःच्या बळावर वाढतात.

या साऱ्या संशोधनामुळे त्या जुन्या कोंबडीकडे जगाचे पुन्हा लक्ष गेले. १९६६ साली, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, राऊस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शोधानंतर तब्बल पंचावन्न वर्षांनी! त्यांचे जावई ॲलन हॉजकिन यांना तर ते तीन वर्षे आधीच मिळाले होते. १६ फेब्रुवारी १९७० रोजी न्यूयॉर्क येथे राऊस यांचे निधन झाले.

मदतनीस विषाणूची गरज माणसाला होणाऱ्या एका रोगातही दिसते. १९७७ साली इटलीत काविळीचा डेल्टा हा कारक सापडला. तो 'ब' काविळीच्या विषाणूचे आवरण घेतल्याशिवाय पसरू शकत नाही. म्हणूनच 'ब' काविळीची लस घेतली, की डेल्टापासूनही रक्षण होते.