बर्फातून वाट काढणारा : जोसेफ-आर्मां बम्बार्डियर

मुंबईच्या उपनगरी रेल्वेने रोज ये-जा करणाऱ्या माणसाला ‘बम्बार्डियर’ हा शब्द अपरिचित नाही. २०१५ साली पश्चिम रेल्वेवर नव्या बनावटीच्या लोकलगाड्या धावू लागल्या. त्यांची विद्युत यंत्रणा ज्या परदेशी कंपनीने पुरविली होती, तिचेच नाव लोकांनी त्या गाड्यांना देऊन टाकले. परंतु हे नाव मुळात एका माणसाचे आहे, आणि त्या माणसाने आपल्या हयातीत रेल्वेचा एक डबाही बनविला नव्हता, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. जोसेफ-आर्मां बम्बार्डियर (फ्रेंच उच्चार बोंबार्दिए) हा कॅनडातील एका खेड्यातला मेकॅनिक. बर्फात अडकलेल्या माणसांना बाहेर कसे काढावे, या एकाच प्रश्नाचा त्याने आयुष्यभर पाठपुरावा केला. त्याच्या या ध्यासाची कहाणी आपल्यासारख्या उष्ण प्रदेशातील वाचकांनीही जाणून घ्यावी अशी आहे.

कॅनडाच्या पूर्व भागात क्वेबेक हा फ्रेंच भाषिकांचा प्रांत आहे. तेथील व्हालकूर या लहानशा गावी १६ एप्रिल १९०७ रोजी आर्मांचा जन्म झाला. आठ भावंडांत तो थोरला. वडील शेतकरी, पुढे त्यांनी गावात किराणा-भुसाराचे दुकान काढले. आपल्याकडे पावसाळ्यात नदीला पूर आला की पलीकडच्या वाडीचा संपर्क तुटतो, दोन-चार दिवसांनी पाणी ओसरते आणि व्यवहार सुरू होतात. क्वेबेकच्या खेड्यांत त्या काळी हा वनवास दोन-चार दिवसांचा नसे, चांगला चार महिन्यांचा असे. हिवाळा लागला की मोटारगाडी ठोकळ्यांवर चढवून गोठ्यात ठेवायची आणि घोड्याच्या घसरगाडीवर भिस्त ठेवायची, ही तेथली रीत होती. दुखणाईत माणूस, अडलेली बाळंतीण, म्हातारेकोतारे यांचे हाल तर विचारूच नयेत.

आर्मांला लहानपणापासून यंत्रांचे वेड. जुन्या घड्याळांची चक्रे काढून त्यांवर चालणारी खेळणी तो बनवीत असे. मुलाने धर्मगुरू व्हावे अशी घरच्यांची इच्छा होती, म्हणून त्याला शेरब्रुक येथील धर्मशाळेत शिकावयास पाठविले. पण त्याचे मन पोथ्यांपेक्षा पेचकसात अधिक रमले. मुलाला उद्योग मिळावा म्हणून वडिलांनी त्याला फोर्ड कंपनीची एक मोडकी ‘मॉडेल टी’ गाडी दिली. या मुलाने तिचे इंजिन उतरविले, ते एका घसरगाडीवर बसविले आणि मागे लाकडातून कोरून काढलेला विमानासारखा पंखा जोडला. ३१ डिसेंबर १९२२ रोजी आर्मां आणि त्याचा धाकटा भाऊ लिओपोल्ड हे विचित्र वाहन घेऊन गावातील रस्त्यावर निघाले. ते खरोखरीच चालले! पंधरा वर्षांच्या मुलाचा हा पराक्रम पाहून गावकरी थक्क झाले. वडिलांना मात्र तो उघडा फिरणारा पंखा पाहून धडकी भरली आणि त्यांनी गाडी तत्काळ मोडून टाकावयास लावली. वडिलांचे चुकले असे म्हणता येणार नाही. बसणाऱ्याच्या जिवाला ज्या यंत्रापासून धोका आहे, ते यंत्र कितीही चाललेले असो, वाहन म्हणून उपयोगाचे नाही. पुढच्या आयुष्यात आर्मांनी हा धडा कधी विसरल्याचे दिसत नाही.

सतराव्या वर्षी धर्मशाळा सोडून तो एका गॅरेजात उमेदवारी करू लागला. पुढे माँट्रियल शहरात दिवसा काम आणि रात्रीच्या वर्गात यंत्रविद्या व वीजविद्येचा अभ्यास असा क्रम त्याने चालविला. १९२६ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, गावी परतून वडिलांच्या मदतीने त्याने स्वतःचे गॅरेज काढले. विजेची गरज भागविण्यासाठी शेजारच्या ओढ्यावर बांध घालून त्यावर चक्की बसविली. १९२९ मध्ये इव्हॉन लाब्रेक हिच्याशी त्याचा विवाह झाला. उन्हाळ्यात गाड्या दुरुस्त कराव्यात आणि हिवाळ्यात, गिऱ्हाईक नसताना, बर्फावर चालणाऱ्या गाडीचे प्रयोग करावेत, असा संसार सुरू झाला. एक नमुना बनवावा, तो बर्फात रुतावा, पुन्हा मोडून दुसरा बनवावा, अशी दहा वर्षे गेली.

अशातच १९३४ चा हिवाळा आला. बम्बार्डियर दांपत्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हॉ याला आंत्रपुच्छाचा दाह झाला आणि विष पोटात पसरले. शस्त्रक्रिया तातडीने होणे अगत्याचे होते. इस्पितळ शेरब्रुकला, जवळजवळ पन्नास किलोमीटरांवर, आणि सारे रस्ते बर्फाखाली गडप झालेले. बर्फावर चालणाऱ्या गाडीचा जो नमुना बापाच्या हाताखाली होता, तो गॅरेजात सुटा होऊन पडला होता. मूल दगावले. ज्या माणसाने वयाच्या पंधराव्या वर्षापासून याच एका प्रश्नाशी झुंज घेतली, त्याच्याच घरात त्या प्रश्नाने बळी घ्यावा, यापरता दैवदुर्विलास तो कोणता! या दुःखातून शोध जन्माला आला असे सांगण्याची पद्धत आहे. वस्तुतः शोधाची साधना त्याआधी बारा वर्षे चालू होती. दुःखाने एवढेच केले, की आता थांबणे अशक्य झाले.

येथे त्या शोधाचे मर्म थोडे समजून घेतले पाहिजे. भुसभुशीत बर्फावर साधे चाक रुतते, कारण गाडीचा सारा भार चार लहान ठिकाणी एकवटतो. तोच भार रुंद पट्ट्यावर पसरला, तर गाडी वरच्यावर राहते. रणगाड्याला असा पट्टा असतो. पण तो लोखंडी असल्याने जड, आणि त्यात बर्फ ठासून गोठते. बम्बार्डियर यांनी १९३५ साली रबर मढविलेले दातेरी चाक आणि त्यावर फिरणारा रबरी पट्टा अशी जोडी सिद्ध केली. पट्ट्याला आडव्या पोलादी पट्ट्या असल्याने पकड मिळे. रबर हलके, त्यात बर्फ धरून राहत नसे, आणि खडखडाट व हादरेही कमी होत. गाडीच्या पुढे वळण्यासाठी दोन स्की, म्हणजे घसरत्या फळ्या, आणि मागे ओढणारे पट्टे अशी ती रचना होती. १९३७ साली या रचनेचे पेटंट त्यांना मिळाले.

त्यातून ‘बी-७’ ही गाडी तयार झाली. ‘बी’ म्हणजे बम्बार्डियर आणि सात म्हणजे सात उतारू. पुढे १९४० च्या सुमारास मोठा कारखाना उभा राहिला, १९४२ साली कंपनीची रीतसर नोंदणी झाली, आणि बारा उतारूंची ‘बी-१२’ रस्त्यावर, किंबहुना रस्ताच नसलेल्या ठिकाणी, धावू लागली. या गाड्यांना प्लायवूडची बंद खोली होती आणि जहाजासारख्या गोल खिडक्या होत्या. आतल्या माणसाला वारा लागत नसे. चाकांच्या आऱ्यांत बर्फ अडकते असे दिसून येताच त्यांनी आऱ्या काढून भरीव तबकड्यांची चाके बसविली. डॉक्टर, टपाल, शाळेची मुले, धर्मगुरू, आजारी आणि वृद्ध या साऱ्यांची ने-आण या गाड्या करू लागल्या. ज्या गाडीची १९३४ साली बम्बार्डियरांच्या घराला गरज होती, ती आता इतरांच्या दारी वेळेवर पोहोचू लागली.

नशिबाचा फेरा मात्र निराळाच होता. १९४८ साली क्वेबेक सरकारने ग्रामीण रस्त्यांवरील बर्फ हिवाळ्यात हटविण्याचे धोरण स्वीकारले आणि या मोठ्या गाड्यांचा खप एकाएकी घसरला. लोकांची सोय झाली, पण कारखान्याचे कंबरडे मोडायची वेळ आली. बम्बार्डियर यांनी कुरकुर न करता नवी क्षेत्रे शोधली. जंगले, दलदली, खाणी, तेलक्षेत्रे येथे चालणारा ‘मस्केग’ नावाचा पट्ट्यांचा ट्रॅक्टर त्यांनी १९५३ साली बाजारात आणला आणि तो देशोदेशी गेला.

तरीही एका-दोघांना घेऊन जाणारी लहान, हलकी बर्फगाडी बनविण्याचे तरुणपणीचे स्वप्न मनात होतेच. त्याला दोन गोष्टी आड येत होत्या : हलके इंजिन आणि अखंड पट्टा. पहिली अडचण काळाने सोडविली. दुसरी सोडविण्यात थोरला मुलगा जर्मेन याचा मोठा वाटा होता. जोड नसलेला, आत पोलादी कांड्या घातलेला एकसंध रबरी पट्टा त्याने तयार केला. १९५९ साली ‘स्की-डू’ ही गाडी विक्रीस आली. पहिल्या हंगामात २२५ गाड्या विकल्या गेल्या. १९६३-६४ च्या हंगामात हाच आकडा ८,२१० झाला. शिकारी, मिशनरी, वनरक्षक यांच्यासाठी काढलेली ही गाडी हौशी तरुणांनी उचलून धरली. खुद्द बम्बार्डियर या हौसेबद्दल साशंक होते. ही लाट ओसरेल असे धरून ते जपून पावले टाकीत.

या यशाचा बहर पाहण्याचे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. १८ फेब्रुवारी १९६४ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय अवघे ५६. त्यांच्या नावावर चाळीसहून अधिक पेटंटे होती. पुढे त्यांचे जावई लोरां बोदुएं यांच्या कारकिर्दीत कंपनीने रेल्वे आणि विमान या क्षेत्रांत प्रवेश केला. स्की-डूचा व्यवसाय २००३ साली वेगळ्या कंपनीकडे गेला आणि रेल्वेचा विभाग २०२१ मध्ये अल्स्टॉम या फ्रेंच कंपनीने घेतला.

येथे चरित्र संपते, पण त्यांनी हाती घेतलेला प्रश्न संपत नाही. बम्बार्डियर म्हातारे झाले नाहीत. त्यांची गाडी चालविणारे मात्र झाले. साठ-सत्तरच्या दशकांत ज्या पोरांनी स्की-डू पिटाळली, त्यांचे केस आज पांढरे झाले आहेत. त्या जुन्या गाडीची बैठक ठेंगणी होती. चालक मागच्या बाजूला, पाय पुढे पसरून बसे, आणि पुढची स्की खड्ड्यात आदळली की तो धक्का थेट पाठीच्या कण्याला जाई. विशीत ही गंमत वाटते. साठीत तेच असह्य होते. इंजिन सुरू करायला दोरी हिसकावी लागे. जागच्या जागी वळायचे, तर गाडीचे मागचे अंग हाताने उचलून फिरवावे लागे.

हे दोष पुढच्या पिढीतील कारागिरांनी एकेक करून दूर केले. पट्ट्याखालच्या स्प्रिंग लावलेल्या चाकांच्या जागी लांब सरकपट्ट्या आल्या, त्यामुळे लहान खळगे चालकाला जाणवेनासे झाले. पुढच्या दोन्ही स्कींना स्वतंत्र स्प्रिंगा व शॉक अॅब्सॉर्बर मिळाले. २००३ सालच्या स्की-डूमध्ये चालकाची जागाच पुढे, गाडीच्या मध्याजवळ, सरकविण्यात आली. पाय खाली आणि गुडघे वाकलेले अशी बैठक झाल्याने धक्का येताच माणूस मांड्यांवर जोर देऊन किंचित उठू शकतो. कण्याचा भार पाय उचलतात. बटनावर सुरू होणारे इंजिन, मागे जाण्याची सोय, ऊब देणाऱ्या मुठी, हँडल वळविण्यास विजेचे साहाय्य अशा सोयीही आल्या. जुनी गाडी वापरणारा शहाणा म्हातारा आपल्या वजनाप्रमाणे स्प्रिंगांचा ताण बेतून घेतो, हँडल उंच करतो, बैठकीला जाड गादी लावतो आणि दोन्ही स्की एका रेषेत आहेत ना, हे तपासतो. स्की वाकड्या असतील तर गाडी सतत एका बाजूला ओढते आणि तासाभरात खांदे भरून येतात. त्याला आता शर्यत जिंकायची नसते. गोठलेल्या तळ्यापलीकडच्या मित्राच्या घरी जाऊन संध्याकाळी धडधाकट परतायचे असते. ही उमेद टिकली की हिवाळ्याचे चार महिने खिडकीशी बसून काढावे लागत नाहीत.

नीट पाहिले तर हे सारे बम्बार्डियरांच्या मूळ हेतूकडे परत जाणेच आहे. त्यांनी गाडी काढली ती धडधाकट तरुणाला वेगाची झिंग यावी म्हणून नव्हे. ज्याला बर्फातून चालवत नाही, त्याला बर्फाने कोंडून ठेवू नये, एवढ्यासाठी. यंत्राची परीक्षा ते किती वेगाने धावते यावर करण्याचा मोह आपल्या काळाला फार आहे. व्हालकूरच्या या मेकॅनिकने दुसरा मापदंड घालून दिला : त्या यंत्रातून सर्वांत दुबळा माणूस सुखरूप पोहोचतो की नाही? आपल्याकडे बर्फ नाही. पण पावसाळ्यात तुटणाऱ्या वाड्या आहेत, डोलीतून इस्पितळात न्यावी लागणारी माणसे आहेत, एस.टी.ची उंच पायरी चढताना दम लागणारे आजी-आजोबा आहेत. प्रश्न आपल्याही दाराशी उभा आहे. त्याला बारा-पंधरा वर्षे चिकटून राहणारा कोणी आपल्या वर्गातून निघाला, तर बम्बार्डियरांचे चरित्र वाचल्याचे सार्थक होईल.