विश्लेषण : हायकू जगवणाऱ्या कवीने यमकांचा कोश का केला?

तीन ओळींचा, यमक नसलेला हायकू आज जगभर लिहिला जातो. या इवल्याशा कवितेला ‘हायकू’ हे नाव रूढ करून देणारे जपानी कवी मासाओका शिकी यांनी १८९७ च्या सुमारास चक्क यमकांचा कोश तयार केला होता! क्षयाने अंथरुणाला खिळलेल्या, जेमतेम तिशीच्या कवीने हा उद्योग का केला? आणि त्यांचे नाव राहिले ते मात्र हायकूमुळे, असे का?

यमकाशी पहिली ओळख कशी झाली?

शिकी यांचा जन्म १८६७ चा, शिकोकू बेटावरच्या मात्सुयामा गावातला. वडील खालच्या दर्जाचे सामुराई. ते लवकर वारले. आईचे वडील ओहारा कान्झान हे चिनी विद्येचे पंडित. त्यांच्याकडे धडे गिरवून शिकी दहा-अकराव्या वर्षीच चिनी पद्ये रचू लागले. चार ओळी, प्रत्येकीत पाच किंवा सात चित्राक्षरे आणि सम ओळींच्या शेवटी यमक, असा त्यांचा साचा. गंमत अशी, की जपानी माणूस हे चिनी लेखन शब्दांचा क्रम बदलून जपानी वळणाने वाचतो. त्यामुळे मुळातले यमक त्याच्या कानावर पडतच नाही. ते जुळवायचे ते पुस्तकात बघून. म्हणजे या मुलाला यमक भेटले ते नियम म्हणून. नाद म्हणून नव्हे.

जपानी कवितेत यमक का रुजले नाही?

मोरोपंतांच्या आर्येतले यमक दाद घेऊन जाते, कारण ते जुळवायला कष्ट पडतात हे ऐकणाऱ्याला कळते. जपानी भाषेत जवळपास प्रत्येक अक्षर पाचांपैकी एखाद्या स्वरावर संपते आणि वाक्याच्या शेवटी येणाऱ्या क्रियापदाचे प्रत्ययही ठरलेले. यमक आपोआप जुळते. फुकट मिळालेल्या गोष्टीला दाद कोण देणार? म्हणून तिथली कविता ध्वनिमात्रा मोजण्यावर उभी राहिली. पाच, सात, पाच अशा मात्रांचा ‘होक्कू’ ही मूळची अनेकांनी मिळून रचायच्या साखळी-कवितेची पहिली कडी. शिकी यांनी ती साखळीतून सोडवून स्वतंत्र कविता म्हणून उभी केली आणि तिला हायकू म्हटले.

मग यमकांचा कोश कशासाठी? १८८२ पासून जपानमध्ये पाश्चात्त्य वळणाच्या लांब कविता येऊ लागल्या होत्या. त्या सैल पडत. यमकाने त्यांना बांधीवपणा येईल, असे शिकी यांना वाटले. त्यांनी तशा कविता स्वतः लिहिल्या, इतरांच्या सोयीसाठी यमकांचे शब्दही जुळवून ठेवले. प्रयोग प्रामाणिक होता, पण तो रुजला नाही.

हायकू तरी टिकणार होता का?

शिकी यांना त्याचीही खात्री नव्हती. १८८९ मध्ये त्यांना रक्ताची उलटी झाली. कंठातून रक्त येईस्तोवर गातो अशी समजूत असलेल्या कोकीळ-कुळातल्या पक्ष्याचे ‘शिकी’ हे नाव त्यांनी तेव्हाच घेतले. पुढे जुने होक्कू विषयवार लावण्याचे प्रचंड काम त्यांनी अंगावर घेतले. त्यातून त्यांना दिसले, की कवी तेच ते ठरावीक संकेत घोळवत आहेत. गणिती हिशेबाने एवढ्याशा मात्रांत होणाऱ्या जुळण्या मोजक्याच. त्या लवकरच संपतील आणि हा प्रकार मरेल, असे भाकीत त्यांनी केले. १८९२ पासून ते ‘निप्पॉन’ दैनिकात लिहू लागले. देवपण लाभलेल्या बाशोवर त्यांनी टीका केली आणि मागे पडलेल्या बुसॉनला पुढे आणले.

उपाय त्यांना सापडला तो चित्रकारांकडे : समोरचे पाहून रेखाटन करणे. शब्दांच्या जुळण्या मर्यादित असतील. समोर दिसणाऱ्या गोष्टींना तशी मर्यादा नव्हती.

अंथरुणावरून काय दिसत होते?

१८९५ मध्ये चीन-जपान युद्धाचे वार्ताहर म्हणून ते गेले आणि परतताना जहाजावरच पुन्हा रक्त पडले. क्षय मणक्यात उतरला. कधीकाळी बेसबॉल खेळणारा हा माणूस टोकियोतल्या नेगिशी भागातल्या लहान घरात कूस बदलतानाही कळवळू लागला. १८९९ च्या डिसेंबरात शिष्य ताकाहामा क्योशी यांनी त्यांच्या खोलीच्या कागदी दाराला काच बसवून दिली. आता पडल्या पडल्या बाग दिसू लागली. एवढीच काय ती त्यांची दुनिया.

अशा अवस्थेत लांब यमकबद्ध कविता बांधत बसणे अवघडच. हायकूला एक नजर आणि एक श्वास पुरतो. १९०० मधला त्यांचा एक हायकू तर बागेतल्या कोंबड्याच्या तुऱ्यासारख्या फुलांची नुसती मोजदाद आहे. ही कविता म्हणायची का, यावर जपानी समीक्षक पुढे कित्येक वर्षे भांडले. आक्षेप समजण्यासारखा आहे. पण उठता न येणाऱ्या माणसाने फुले मोजणे म्हणजे काय, हे लक्षात घेतले की ती मोजदाद कोरडी वाटत नाही.

१८ सप्टेंबर १९०२ रोजी बहीण रित्सू हिने धरलेल्या फळीवरच्या कागदावर त्यांनी शेवटचे तीन हायकू लिहिले. तिन्ही बागेतल्या घोसाळ्याच्या वेलीवर. तिचे पाणी कफावर औषध म्हणून घेत. मध्यरात्रीनंतर ते गेले. वय ३५ देखील पूर्ण नव्हते. मागे वीस हजारांवर हायकू उरले.

मराठीत काय झाले?

मराठीत हायकू रुजवला तो शिरीष पै यांनी. इथे मात्र तीनपैकी दोन ओळींच्या शेवटी यमक जुळवण्याची चाल पडली. ओवी-अभंगांवर वाढलेल्या कानाला ते खटकत नाही. यमक आपोआप जुळते म्हणून जपानीने सोडून दिले. मराठीत ते शोधावे लागते, म्हणून ते हायकूतही आले.