सर वायव्हिल थॉमसन : खोल समुद्रातली जीवसृष्टी दाखवून देणारे प्राध्यापक



प्रवाळ म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर उथळ, उबदार, निळं पाणी आणि रंगीत मासे येतात. पण जिथं सूर्यप्रकाश पोहोचत नाही अशा थंड, काळोख्या पाण्यातही प्रवाळ वाढतं, स्पंज असतात, तारामासे आणि समुद्रकाकड्या असतात. दीडशे वर्षांपूर्वी पुष्कळ शास्त्रज्ञांना हे खरं वाटत नव्हतं. ज्यांच्या कामामुळं हे मत बदललं, त्यांत सर चार्ल्स वायव्हिल थॉमसन यांचं नाव पहिल्या रांगेत येतं.

जन्म आणि शिक्षण

थॉमसन यांचा जन्म ५ मार्च १८३० रोजी स्कॉटलंडमध्ये लिनलिथगो गावाजवळच्या बॉनसाइड इथं झाला. एडिंबरा विद्यापीठात त्यांनी वैद्यकीय शिक्षण घ्यायला सुरुवात केली, पण तब्येत साथ देईना म्हणून ते सोडावं लागलं. मन मुळातच निसर्गात रमणारं. विशीतच ते अ‍ॅबर्डीनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. पुढं आयर्लंडमध्ये कॉर्क, बेलफास्ट आणि डब्लिन अशा ठिकाणी त्यांनी अध्यापन केलं. १८७० मध्ये ते एडिंबरा विद्यापीठात निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक झाले. म्हणजे ज्या विद्यापीठातून पदवी न घेता बाहेर पडले, तिथंच मानानं परत आले.

खोल समुद्र खरंच रिकामा आहे का?

त्या काळी एडवर्ड फोर्ब्स या नामवंत निसर्गशास्त्रज्ञाचं मत प्रमाण मानलं जाई. त्यांनी १८४१-४२ मध्ये एजियन समुद्राचा तळ खरवडून पाहिला होता. जसजसं खोल जावं तसतसे प्राणी कमी सापडत गेले. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला, की सुमारे ३०० वाव खोलीच्या खाली जीवन नसावं. (वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारी सहा फुटांची लांबी. आपल्याकडचे कोळी बांधवही खोली वावेतच मोजतात.) ३०० वाव म्हणजे साधारण ५५० मीटर. तिथं उजेड नाही, पाण्याचा दाब प्रचंड, मग जगणार कोण? तर्क पटण्यासारखाच होता.

पण याच्या उलट सांगणारे पुरावेही येत होते. १८६० मध्ये भूमध्य समुद्रात सार्डिनिया आणि आफ्रिका यांच्यामधली तारायंत्राची तुटलेली केबल वर काढली, तेव्हा फार खोलातून आलेल्या तिच्या तुकड्यांवर प्रवाळ वाढलेलं दिसलं. नॉर्वेत मायकेल सार्स यांच्याकडं खोल पाण्यातून काढलेली देठाची समुद्री लिली होती. नावावरून फूल वाटलं तरी हा प्राणी आहे, तारामाशाचा नातलग. त्याचे जवळचे नातेवाईक तोवर मुख्यतः जीवाश्मांतूनच माहीत होते. थॉमसन स्वतः नॉर्वेला जाऊन तो नमुना पाहून आले आणि तेव्हापासून त्यांच्या मनानं घेतलं, की आपणच तळाशी जाळं टाकून पाहायचं.

लाइटनिंग आणि पॉर्क्युपाइन

त्यांनी आपले मित्र डॉ. विल्यम कारपेंटर यांना पत्र लिहिलं. कारपेंटर यांनी रॉयल सोसायटीमार्फत नौदलाकडं जहाज मागितलं. १८६८ मध्ये मिळालं ते लाइटनिंग नावाचं जुनं, गळकं जहाज. हवाही खराब. तरी स्कॉटलंड आणि फॅरो बेटांच्या मधल्या समुद्रात, फोर्ब्स यांच्या मर्यादेच्या खाली, जाळ्यात जिवंत प्राणी आले. त्यात पक्ष्याच्या घरट्यासारखा दिसणारा एक सुंदर स्पंज होता. त्याचा सांगाडा काचेच्या बारीक तंतूंचा असावा तसा सिलिकाचा!

आणखी एक कोडं पुढं आलं. जवळजवळच्या दोन जागी खोली सारखीच, पण एकीकडं तळाचं पाणी गोठणबिंदूजवळ आणि दुसरीकडं बरंच उबदार. मधे काहीतरी आडवं असल्याशिवाय असं होणार नाही. १८८० आणि १८८२ मध्ये पुन्हा मोजमाप केल्यावर तिथं समुद्राखाली डोंगराची लांब रांग सापडली. आज तिला वायव्हिल थॉमसन यांचंच नाव आहे.

१८६९ मध्ये पॉर्क्युपाइन जहाजावरून बिस्केच्या उपसागरात २,४३५ वाव, म्हणजे जवळपास ४,४५० मीटर खोलीवरून जिवंत प्राणी वर आले. मुलांना सांगताना कळसूबाईची उंची सांगा : १,६४६ मीटर. अडीच कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी पाण्याबाहेर येणार नाहीत, इतकी ही खोली.

चॅलेंजरची सफर

यानंतर आली ती जगप्रसिद्ध मोहीम. २१ डिसेंबर १८७२ रोजी चॅलेंजर जहाज इंग्लंडहून निघालं आणि २४ मे १८७६ रोजी परतलं. शास्त्रज्ञांचे प्रमुख थॉमसन होते. बहुतेक तोफा काढून तिथं प्रयोगशाळा थाटल्या होत्या. सुमारे १,२७,००० किलोमीटर प्रवास झाला, ३६२ ठिकाणी नोंदी घेतल्या गेल्या आणि सुमारे ४,७०० नवे जीव विज्ञानाला कळले.

काम मात्र कंटाळवाणं होतं. खोल जागी जाळं सोडून वर ओढायला दिवस जायचा आणि कधी निघायचा नुसता चिखल. काही खलाशी तर वाटेतल्या बंदरांवर पळून गेले!

थॉमसन यांचा प्रामाणिकपणा इथं दिसतो. टी. एच. हक्स्ली या मोठ्या शास्त्रज्ञानं समुद्रतळाच्या चिखलात बॅथिबियस नावाचा आदिम जीव असल्याचं म्हटलं होतं आणि थॉमसन यांनीही ते मानलं होतं. चॅलेंजरवर कळलं, की समुद्राच्या पाण्यात अल्कोहोल मिसळलं की नुसता साका तयार होतो, जीव वगैरे काही नाही. थॉमसन यांनी हक्स्लींना तसं कळवलं आणि हक्स्लींनीही ते जाहीरपणे मान्य केलं. खोल समुद्रात प्राचीन काळचे पुष्कळ जीव अजून टिकून असतील, ही थॉमसन यांची आशाही फारशी खरी ठरली नाही. पण जे सापडलं तेच त्यांनी मांडलं.

शेवटची वर्षं

१८७६ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. गोळा केलेले नमुने त्या त्या विषयातल्या उत्तम अभ्यासकाकडंच जावेत, मग तो कुठल्याही देशाचा असो, असा त्यांचा आग्रह होता. यावरून काही ब्रिटिश शास्त्रज्ञ नाराज झाले. अहवालांच्या खर्चाची काळजी वेगळीच. तब्येत ढासळली, प्राध्यापकपद सोडावं लागलं आणि १० मार्च १८८२ रोजी बॉनसाइडलाच त्यांचं निधन झालं. वय अवघं ५२. उरलेलं काम सहकारी जॉन मरे यांनी नेटानं पुरं केलं. १८९५ पर्यंत अहवालाचे ५० खंड निघाले.

आज त्या पाण्यात काय आहे?

थॉमसन यांच्या नावाच्या डोंगररांगेच्या दक्षिणेला, सुमारे १,००० मीटर खोल, १९९८ मध्ये थंड पाण्यातल्या प्रवाळांचे ढिगारे सापडले. डार्विन माउंड्स हे त्यांचं नाव. हे प्रवाळ उजेडावर अवलंबून नसतं. प्रवाहाबरोबर येणारे अन्नकण टिपतं आणि फार सावकाश वाढतं. पण शोध लागून दोन वर्षं होतात न होतात तोच, तळ खरवडणाऱ्या मासेमारीच्या जाळ्यांचे ओरखडे तिथं दिसले. २००३ मध्ये तातडीनं अशा मासेमारीवर बंदी आली आणि पुढल्या वर्षी ती कायम झाली. रांगेच्या उत्तरेच्या बाजूला, फॅरो आणि शेटलंड यांच्या मधल्या समुद्रात, स्पंजांच्या पट्ट्याला २०१४ मध्ये संरक्षण मिळालं.

तळावरून ओढलेल्या जाळ्यानंच थॉमसन यांना ही सृष्टी दाखवली. आज त्याच पद्धतीचं, पण कितीतरी मोठं जाळं तिचं सर्वांत जास्त नुकसान करतं. जिथं काही नाही असं वाटतं, तिथं वाट्टेल तसं वागायला माणूस कचरत नाही. म्हणूनच तिथं कोण राहतं हे आधी माहीत असायला हवं.

वर्गात हा पाठ घेताना मुलांना एक प्रश्न जरूर विचारा : फोर्ब्स हुशार होते, त्यांनी मेहनतही केली होती, मग त्यांचा अंदाज का चुकला? एकाच समुद्रावरून सगळ्या समुद्रांचा निष्कर्ष काढला, हे उत्तर मुलांकडूनच येऊ द्या. थोडा वेळ लागला तरी चालेल.