चाळीस वर्षे पेटीत राहिलेली मैफल

फ्रेडी मर्क्युरी हे नाव आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांच्या कानांवरून गेले असेल; परंतु त्या नावाआड जो पारशी मुलगा आहे, त्याची ओळख फार थोड्यांस असते. म्हणून त्याचे अल्प चरित्र आणि त्याच्या निधनानंतर सुमारे तेवीस वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या एका ध्वनिमुद्रिकेची हकीकत आम्ही येथे एकत्रच सांगत आहो.

त्याचे मूळ नाव फारोख बलसारा. त्याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या झांजिबार बेटावर झाला. घराण्याचे आडनाव गुजरातेतील बलसाड गावावरून पडलेले. वडील बोमी हे तेथे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. मुलास चांगले शिक्षण मिळावे म्हणून आईबापांनी त्यास आठव्या वर्षाच्या सुमारास पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवले. बोटीने मुंबई बंदर गाठावयाचे, तेथून घाट चढून पांचगणीस जावयाचे, आणि मग आईबापांचे दर्शन दुर्मिळ! सुट्टीत आधार तो मुंबईतील आजी व आत्या-मावशांच्या घरचा. आमच्या परळ-लालबागच्या पालकांस मुलगा स्काउटांच्या तळावर चार दिवस गेला तरी हुरहुर लागते. त्या मातेस काय वाटले असेल ह्याची कल्पनाच करावी.

शाळेत सोबत्यांनी त्याचे ‘फ्रेडी’ असे नाव पाडले. तो टेबल टेनिस उत्तम खेळे, नाटकांत कामे करी, गायनवृंदात गाई. मुख्याध्यापकांच्या ध्यानात आले की ह्या मुलाच्या कानात व बोटांत काही विशेष आहे. त्यांनी झांजिबारास पत्र धाडून, थोडी अधिक फी भरल्यास मुलास पियानोचे रीतसर शिक्षण देता येईल असे कळविले. रोखपालाच्या पगारात अशा जादा खर्चाचा विचार करावाच लागतो. तरी वडिलांनी होकार दिला. पियानोच्या चौथ्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा तो उत्तीर्ण झाला. पुढे तिघाचौघा मित्रांस घेऊन त्याने ‘हेक्टिक्स’ नावाचा छोटा वाद्यमेळ काढला व शाळेच्या समारंभांत तो पियानो वाजवू लागला. शेवटी शेवटी मात्र त्याचा अभ्यास ढिला पडला, हेही चरित्रकाराने लपवू नये.

१९६३ साली तो झांजिबारास परतला. पुढील वर्षी जानेवारीत तेथे रक्तरंजित क्रांती झाली आणि बलसारा कुटुंबास हातातील सामानानिशी इंग्लंड गाठावे लागले. लंडनजवळ फेल्टम येथे त्यांनी बिऱ्हाड केले. फ्रेडीने ईलिंगच्या कलाशाळेत चित्रकलेची पदविका घेतली आणि केन्सिंग्टनच्या बाजारात रॉजर टेलर ह्या मित्रासह जुन्या कपड्यांचे दुकान मांडून पाहिले. १९७० साली हे दोघे आणि ब्रायन मे यांनी मिळून ‘क्वीन’ हा रॉक वाद्यवृंद उभारला. १९७१ साली जॉन डीकन त्यांस येऊन मिळाला. बलसाराचा मर्क्युरी झाला तो ह्याच सुमारास.

आता त्या ध्वनिमुद्रिकेकडे वळू. लंडनच्या फिन्सबरी पार्क भागात ‘रेनबो’ नावाचे नाट्यगृह होते. ३१ मार्च १९७४ रोजी क्वीनने तेथे मैफल केली व ती मुद्रित करून ठेवली. तिची तबकडी काढावी असा विचार होता. तो मागे पडला. वाद्यवृंद अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला, तेथे मे यास काविळीने गाठले आणि सर्वांस अर्ध्यातून परतावे लागले. मागाहून त्यास पोटाच्या व्रणानेही अंथरुणास खिळविले. इतर तिघांनी तिसऱ्या तबकडीचे काम त्याच्यावाचून सुरू केले. त्याच्या गिटारीसाठी मात्र गाण्यांत जागा मोकळ्या ठेवल्या. आजारी सोबत्याची जागा अशी राखून ठेवणे आम्हास त्यांच्या सर्व कीर्तीहून मोठे वाटते. तो बरा झाला, त्याने त्या जागा भरल्या, आणि १९ व २० नोव्हेंबरास हे चौघे पुन्हा रेनबोच्या मंचावर उभे राहिले. नाव होत होते, पण व्यवस्थापकांकडून हाती पडे ते मोजके आठवडी वेतन.

ह्या मैफली १९७४ सालच्या. त्यांची संपूर्ण ध्वनिमुद्रिका निघाली सप्टेंबर २०१४ मध्ये. मधली चाळीस वर्षे त्या फिती जपल्या गेल्या. त्यांचे मोल काय? स्टुडिओत एकच गळा पुनःपुन्हा मुद्रित करून आवाजांचे थरावर थर चढविता येतात, आणि क्वीनची कीर्ती ह्याच कौशल्यावर पुष्कळशी उभी होती. मंचावर ती सोय नाही. सोबती सूर मिळवीत, हे खरे; परंतु मुख्य भार एका गळ्यावर व पियानोवरील दोन हातांवर. त्या हातांस प्रथम वळण लागले ते पांचगणीस. आमच्याकडे गायनाचार्य अल्लादियाखाँसाहेब १९४६ साली मुंबईत निवर्तले. त्यांच्या गायनाची एकही तबकडी मागे नाही. त्यांची गायकी शिष्यांच्या गळ्यांतून पोहोचली, स्वतःचा आवाज मात्र कायमचा गेला. गिरगावातील जुन्या रसिकांस ही हळहळ निराळी समजावून सांगावयास नको.

पुढील कीर्तीची कथा सर्वश्रुत आहे. १३ जुलै १९८५ रोजी, इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी वेम्ब्ली येथे भरलेल्या जलशात ह्या चौघांनी अवघ्या वीस मिनिटांत अफाट समुदाय जिंकला. ९ ऑगस्ट १९८६ नंतर मर्क्युरी क्वीनसह मैफलीत उभा राहिला नाही. त्यास एड्सने ग्रासले होते. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आजार जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

त्याने आपल्या बालपणाविषयी जगापुढे फारसे बोलणे टाळले. क्वीनने त्याच्या हयातीत हिंदुस्थानात मैफलही केली नाही. म्हणून त्यास घाईघाईने ‘आपला’ म्हणून मिरविणे आम्हास प्रशस्त वाटत नाही. तथापि लंडनमध्ये त्याचे अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी जरथोस्ती प्रार्थना म्हणून केले, ही गोष्ट दादरच्या पारशी कॉलनीशेजारी राहणाऱ्या आमच्या वाचकांनी नोंदवून ठेवावी.

रेनबोचे नाट्यगृह १९३० साली चित्रपटगृह म्हणून बांधलेले होते. पुढे तेथील मैफली बंद झाल्या आणि ती वास्तू एका ख्रिस्ती पंथाने प्रार्थनेसाठी घेतली. नोव्हेंबरच्या मैफलीअखेर तेथे इंग्लंडचे राष्ट्रगीत गिटारीवर वाजविले गेले. ध्वनिमुद्रिकेतही त्या मैफलीचा शेवट त्यानेच होतो.