पळसगावचा यशवंत

नोव्हेंबर उजाडला की इथे इंग्लंडमध्ये कोटाकोटावर लाल पॉपी दिसू लागते. आपल्याकडे फराळाचे डबे अजून रिकामे व्हायचे असतात, आणि शाळेत मुलं महायुद्धातल्या सैनिकांसाठी दोन मिनिटं शांत उभी राहतात. काही वर्षांपूर्वी माझ्या मुलाने घरी येऊन विचारलं, की आपलं कुणी त्या लढाईत होतं का. मी पोळ्या लाटता लाटता नाही म्हणून मोकळी झाले, आणि मग माझी मलाच लाज वाटली. माझं आजोळ माणगावचं. तिथे ज्याचा पुतळा आहे, त्याचीच मला आठवण राहिली नव्हती!

त्या रात्री मुलाला गोष्ट सांगितली ती यशवंत घाडगेची. एकेरीत म्हणते, कारण तो कायम बावीस वर्षांचाच राहिला.

जन्म 16 नोव्हेंबर 1921, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा. तेव्हाचा कुलाबा जिल्हा, आताचा रायगड. तो मराठा पलटणीत भरती झाला आणि 1944 साली तिसऱ्या बटालियनबरोबर इटलीत पोचला. तिथे हिंदी फौजेच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या अशा तीन डिव्हिजन जर्मनांशी लढत होत्या.

10 जुलै 1944. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याच्या कंपनीने हल्ला चढवला. नाईक यशवंतच्या हाताखाली एक सेक्शन होतं. अगदी जवळून मशिनगन सुरू झाली आणि त्याची सगळी माणसं पडली, कुणी ठार, कुणी जखमी. सोबत यायला कुणीच उरलं नाही हे त्याला दिसत होतं. तरी तो एकटा धावला. हातबाँब टाकून मशिनगन आणि ती चालवणारा संपवला, टॉमी गनने आणखी एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. तेवढ्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागल्या आणि तो तिथेच कोसळला.

2 नोव्हेंबर 1944 रोजी व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. त्या वर्षीची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. 1945 साली दिल्लीत व्हाइसरॉय वेव्हेल यांनी ते पदक दिलं ते त्याच्या पत्नीच्या, लक्ष्मीबाईंच्या हातात. यशवंतची समाधी कुठेच नाही. इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे.

मुलाने मग अवघड प्रश्न विचारला. तो कोणासाठी लढला? ज्या सरकारने त्याला पदक दिलं, त्याच सरकारने तेव्हा नेहरूंना अहमदनगरच्या किल्ल्यात डांबलं होतं. मी म्हटलं, राज्य परकं होतं, पण शेजारी पडलेली माणसं त्याची होती. हे उत्तर पुरेसं आहे का, मला आजही ठाऊक नाही.

2023 साली इटलीतल्या माँतोने गावाने यशवंतच्या नावाने स्मारक उभारलं. ते आहे एक सूर्यघड्याळ. त्या गावाने त्याची आठवण ठेवली, मग आपण का नाही?

आता माझा मुलगा स्वतः बावीसचा आहे. नोव्हेंबरात तो पॉपी लावतो. त्या दोन मिनिटांत त्याच्या मनात एक नाव तरी आपल्या कोकणातलं असतं. मंडळी, तुमच्याही मुलांना ते सांगा.