लक्ष्मीबाई टिळक यांचे विद्यार्जन

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे, कडक सोवळे पाळणाऱ्या घरी झाला. तेथे मुलींना अक्षरओळख करून देण्याची रीत नव्हती. १८८० साली त्यांचा विवाह पुढे कवी म्हणून गाजलेल्या नारायण वामन टिळकांशी झाला. पत्नीस शिकविण्याचे टिळकांनी अनेकदा मनावर घेतले. परंतु गुरू शीघ्रकोपी व फिरस्ते, आणि शिष्येच्या माथी संसार! धडा आज सुरू व्हावा, उद्या मोडावा. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले व काही वर्षे उभयतांची ताटातूट झाली. तथापि लक्ष्मीबाईंनी अक्षराची कास सोडली नाही.

१९१९ साली टिळक निवर्तले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अकराव्या अध्यायातच थांबले होते. एके काळी अक्षर लावताना अडखळणाऱ्या या बाईंनी पुढील ६४ अध्याय रचिले. १९३४ पासून त्यांची ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली. मराठी आत्मचरित्रांत त्यांचे स्थान आजही अग्रगण्य आहे. १९३६ साली त्या प्रभुवासी झाल्या.

विद्यार्थिमित्रहो, एका चुकीने लेखणी खाली ठेवू नका. आणि पालकहो, मुलावर संतापण्यापूर्वी एवढे ध्यानी असू द्या : टिळकांच्या रागाने जे साधले नाही, ते लक्ष्मीबाईंच्या चिकाटीने साधले.